भाड्याचं घर घेताय? डिपॉझिट देण्याआधी मालकाची आर्थिक बाजू कशी तपासायची

घर भाड्याने घेताना मालक आपली सगळी कुंडली मागतो. आधार, पॅन, कंपनीचं ओळखपत्र, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, मित्र फार येतात का, आणि आपणही निमूटपणे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. त्याच्याकडून आपण काय मागतो तर फक्त चावी. त्या चावीसाठी पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं, मुंबईत कधी तीन कधी सहा महिन्यांचं, आणि हेवी डिपॉझिटचा सौदा असेल (मोठी रक्कम एकदम ठेवायची, महिन्याचं भाडं नाममात्र किंवा नाहीच) तर सरळ पाच-दहा लाख त्याच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

आता हे पैसे जातात कुठे? बहुतेक मालक ते एफडीत वगैरे बाजूला ठेवत नाहीत, खर्च करून टाकतात. तुमचं डिपॉझिट आलं की त्यातून आधीच्या भाडेकरूचं परत जातं, तुम्ही सोडाल तेव्हा पुढचा शोधायचा, याची टोपी त्याच्या डोक्यावर असंच चालू असतं. यात लबाडी असतेच असं नाही, पण साखळी एकदा अडकली की शेवटचा माणूस लटकतो. व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही मालकाला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देताय. मग कर्ज देणारा जे बघतो तेच बघायचं, म्हणजे याच्यावर आधीचं किती आहे, हप्ते वेळेवर जातात का, आणि उद्या गडबड झाली तर वसुलीच्या रांगेत माझा नंबर कितवा. तिसऱ्याचं उत्तर आत्ताच देतो, बँकेच्या मागे.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सच्या फ्लॅटसाठी आहे, म्हणजे आपला नेहमीचा अकरा महिन्यांचा करार.

आधी किती पणाला लावताय ते ठरवा

डिपॉझिट अधिक आगाऊ दिलेलं भाडं अधिक ब्रोकरेज अधिक घरात स्वतः केलेला खर्च, हा तुमचा खरा आकडा. महिना २५,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असेल तर खालचं सगळं करत बसायची गरज नाही, सोसायटीत चौकशी आणि कागदांवरची नावं जुळवणं एवढं पुरे. लाख-दीड लाखाच्या वर गेलात तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि सरसाय (CERSAI, तारणांची सरकारी नोंदवही) हे दोन्ही करा. आणि हेवी डिपॉझिट असेल तर सगळं करा, वर वकिलाला दोन-पाच हजार देऊन सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, काढून घ्या, तिथे कंजूषी नको.

हेवी डिपॉझिटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, जमेल तोवर घेऊ नका. मालक एकरकमी पाच-दहा लाख कधी मागतो? त्याला एकरकमी गरज असते तेव्हा. बँकेकडून मिळत असते तर तुमच्याकडे कशाला आला असता, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून बघा. सगळेच बुडवतात असं नाही, मुंबईत वर्षानुवर्षं असे व्यवहार नीट झालेत, पण अडचणीतला मालक भेटायची शक्यता या सौद्यात जास्तच. यातला एक प्रकार तर सरळ फसवणुकीचा आहे. मधला माणूस मालकाकडून फ्लॅट महिन्याच्या भाड्याने घेतो, तोच तुम्हाला हेवी डिपॉझिटवर देतो, चार-सहा महिने मालकाला भाडं भरतो आणि मग गायब. मालकाला तुम्ही कोण ते माहीतच नसतं.

कागद मागा, आणि न लाजता मागा

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. वयाने मोठे काका-काकू असतात, चहा पाजलेला असतो, त्यांना तुमचे हप्ते भरलेत का असं कसं विचारायचं? तोंडावर विचारूच नका, कंपनीवर ढकला. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (पगारातल्या घरभाड्यावरची करसवलत) मालकाचा पॅन द्यावाच लागतो, त्यामुळे "काका, एचआरएसाठी ऑफिसात कागद लागतात, तेवढे पाठवाल का" असं म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. त्याच मेसेजमध्ये बाकीचंही मागून घ्या:

- इंडेक्स टू किंवा खरेदीखताची पहिली काही पानं
- सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो
- मेंटेनन्सचं शेवटचं बिल (पावती नाही, बिल)
- लाइट बिल आणि प्रॉपर्टी टॅक्सची पावती
- पॅन आणि आधार, आधारचे पहिले आठ आकडे झाकलेले चालतील
- कर्ज असेल तर चालू वर्षाचं लोन स्टेटमेंट

शेवटच्यावर बरेच जण अडतात. रक्कम झाकून द्या म्हणावं, आपल्याला फक्त हप्त्यांच्या तारखा आणि थकबाकीचा रकाना हवाय. नाहीच दिलं तर लगेच पळून जायचं कारण नाही, पुढे दुसऱ्या वाटेने बघता येतं. पण इंडेक्स टू सुद्धा द्यायला टाळाटाळ झाली, "अहो एवढं काय, आम्ही वीस वर्षं भाड्याने देतोय" असं उत्तर आलं, तर मी तिथेच थांबेन. तो सार्वजनिक कागद आहे, लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

आता सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून बघा. इंडेक्स टूवर नवरा-बायको दोघं असतील तर करारावर दोघांच्या सह्या हव्यात. कागद वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि भाडं धाकटा मुलगा घेतोय, हेही खूप दिसतं. अशा वेळी बाकी वारस उद्या म्हणतील की डिपॉझिट आम्हाला मिळालंच नाही, म्हणून सगळ्यांची लेखी संमती तरी घ्या. लाइट बिलावर अजून बिल्डरचं नाव असलं तर घाबरू नका, लोक आळशीपणा करतात, पुण्यात निम्म्या सोसायट्यांत हीच रड आहे.

आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते आत्ताच विचारून ठेवा. मालक म्हणाला की माझ्या नको, मेव्हण्याच्या खात्यात टाका, तर ही मला सगळ्यात मोठी धोक्याची खूण वाटते. स्वतःच्या खात्यात आलेले पैसे बँक वळते करून घेईल किंवा खातं गोठवलेलं आहे, असं असल्याशिवाय माणूस सहसा आपलं भाडं दुसऱ्याच्या खात्यात मागत नाही.

इंडेक्स टू स्वतः काढून वाचा

मालकाने पाठवलेला कागद जुना असू शकतो. तो खरेदीच्या दिवशीचा असतो, त्यानंतर फ्लॅटवर काय काय झालं ते त्यात नसतं. म्हणून नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये जायचं, फुकट आहे. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र असे वेगळे भाग आहेत, तो निवडायचा, मग वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक. इथे लोक फसतात ते गावाच्या नावावर. तुमचा फ्लॅट "बाणेर रोड"ला असला तरी कागदोपत्री गाव औंध असू शकतं, म्हणून मालकाच्या इंडेक्स टूवर जे गाव आणि जो सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर (शहरातला भूमापन क्रमांक) आहे तोच टाका. साइट हळू आहे, कॅप्चा एकदा टाकला की परत मागते, रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर बसलात तर बरं चालते. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं, त्यामुळे मागची पाच-सहा वर्षं एकेक करून बघावी लागतात, चहा घेऊनच बसा.

यादीत एका सर्व्हे नंबरवरचे शेकडो दस्त येतील, त्यातून आपला फ्लॅट नंबर आणि बिल्डिंग शोधायची. आधी दस्ताच्या प्रकाराचा रकाना बघा. सेल डीड किंवा ॲग्रीमेंट टू सेल म्हणजे खरेदी, ते ठीक. मॉर्गेज डीड किंवा "नोटीस ऑफ इंटिमेशन" दिसलं म्हणजे फ्लॅट तारण आहे. २०१३ पासून महाराष्ट्रात मालकीचे कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं की कर्जदाराने तीस दिवसांत ही नोटीस नोंदवायची असते, त्यामुळे बऱ्याच होम लोनचा माग इथेच लागतो. उघडून बघा, देणारा-घेणारा या रकान्यांत बँकेचं नाव असतं, मोबदल्याच्या जागी कर्जाची रक्कम आणि खाली तारीख.

आता इथे डोकं लावायचं. खरेदीच्या आसपासच्या तारखेची एकच नोटीस असेल तर ते साधं होम लोन, ते कुणावर नाही? खरेदीनंतर आठ-दहा वर्षांनी दुसरी, मग वर्ष-दीड वर्षात तिसरी, आणि तीही आधी राष्ट्रीयीकृत बँक, मग खाजगी फायनान्स कंपनी, मग पतसंस्था अशा क्रमाने, तर घरावर पुन्हा पुन्हा पैसे उचललेत आणि दर वेळी महाग दारात गेलाय असं समजा. एकही हप्ता चुकला नसेल कदाचित, पण अशा माणसाला मी चार महिन्यांचं डिपॉझिट देणार नाही. याच यादीत चालू लिव्ह अँड लायसन्स दिसतोय का तेही बघा, त्याची मुदत संपली नसेल तर तो भाडेकरू कुठे गेला हे विचारायचंच.

रो हाउस किंवा बंगला असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि सातबाऱ्यावर "इतर हक्क" वाचा, बँकेचा, पतसंस्थेचा बोजा तिथे चढलेला असतो.

सरसायवर दहा रुपयांचा शोध

सरसाय ही केंद्राची तारणांची नोंदवही, २०११ पासून चालू आहे. एकच घर चार बँकांकडे ठेवून कर्ज उचलायचे प्रकार थांबावेत म्हणून ती काढली. साइटवर पब्लिक सर्च आहे, मालमत्तेवरून शोधायचं, फी दहा रुपये अधिक जीएसटी. पत्ता मात्र बँकेच्या माणसाने जसा टाइप केला असेल तसाच असतो, त्यामुळे "सहकारी गृहरचना संस्था" पूर्ण लिहून, नुसतं बिल्डिंगचं नाव टाकून, विंग सोडून, असं दोन-तीन प्रकारे शोधा. काही मिळालं नाही म्हणजे कर्ज नाहीच असं समजू नका, छोट्या पतसंस्थांचं बरंचसं तिथे दिसत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. फ्लॅटवर कर्ज असणं हा दोष नाही, हप्ते थकणं हा दोष. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग बँक सरफेसी या तारणवसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते, तरी भरले नाहीत तर ताबा. बेरीज केली तर पहिला हप्ता चुकल्यापासून साधारण पाच महिन्यांत गोष्ट ताब्यापर्यंत येऊ शकते, आणि तुमचा करार अकरा महिन्यांचा आहे. आज मालकाचे दोन हप्ते थकलेत आणि तो सुधारला नाही, तर हे सगळं तुमच्याच मुदतीत होणार. वर कायद्यात असंही आहे की ती ६० दिवसांची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला ते घर विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही. त्यानंतर केलेला तुमचा करार घेऊन बँकेसमोर उभे राहिलात तर तुमचं फारसं काही ऐकलं जात नाही. लिव्ह अँड लायसन्सने तसाही घरात हक्क निर्माण होत नाही, नुसती राहायची परवानगी असते.

म्हणून लोन स्टेटमेंटमध्ये ओव्हरड्यूचा रकाना बघायचा, "चेक बाउन्स चार्जेस" किंवा "ईसीएस रिटर्न" (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत आला) अशा नोंदी शोधायच्या. दोन वर्षांत एखादी असेल तर सोडून द्या, मागच्या सहा महिन्यांत तीन असतील तर सोडू नका.

मालकाचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरचे गुण, मागावा का असं बरेच जण विचारतात. त्याच्या संमतीशिवाय तो काढता येत नाही आणि मागितलात तर तो तुम्हाला दुसरं घर शोधायला सांगेल. सिबिलच्या साइटवर एक कोटी आणि वरच्या, बँकांनी दावे लावलेल्या थकबाकीदारांची आणि पंचवीस लाख आणि वरच्या विलफुल डिफॉल्टरांची (ऐपत असून न फेडणाऱ्यांची) यादी मात्र फुकट बघता येते. मालक धंदेवाईक असेल तर नाव टाकून बघा, एका मिनिटाचं काम.

सोसायटी, वॉचमन आणि आधीचा भाडेकरू

सगळ्या ऑनलाइन शोधापेक्षा मला याच भागावर जास्त भरवसा आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

आधी मेंटेनन्सचं बिल. त्यात "मागील बाकी" आणि "व्याज" असे रकाने असतात. मागील बाकी शून्य असेल तर मालक महिन्याचे महिन्याला भरतोय. व्याज लागत असेल तर मागे कधीपासूनचं थकलंय ते काढा. माणूस अडचणीत आला की हॉटेलात जेवणं आणि गाडीचा हप्ता यांच्या कितीतरी आधी सोसायटीचे पैसे थकवतो, कारण सोसायटी लगेच काही करू शकत नाही हे त्याला माहीत असतं. त्यामुळे बँकेचं काही कळायच्या आधी इथे कळतं.

मग सेक्रेटरीला भेटा. निमित्त तयारच आहे, पार्किंग, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म, शिफ्टिंगचे नियम. बोलता बोलता विचारा की या फ्लॅटचं काही बाकी आहे का, बँकेचं पत्र वगैरे आलंय का. होम लोन देताना बँक सोसायटीला लिएन, म्हणजे फ्लॅटवरचा आपला हक्क, नोंदवायला पत्र देते आणि थकल्यावरही बऱ्याचदा सोसायटीला कळवते, म्हणजे सेक्रेटरीला माहीत असतं. सरळ सांगेलच असं नाही, पण "तुम्ही मालकांनाच विचारा ना" असं म्हणून तो नोटीस बोर्डाकडे बघायला लागला तर काय ते समजा. बोर्डही वाचा, बऱ्याच सोसायट्यांत थकबाकीदारांचे फ्लॅट नंबर तिथे लावलेले असतात. आणि हे तुमच्या रोजच्या राहण्याशीही जोडलेलं आहे, मालक थकबाकीदार असला की गाडी आत घ्यायला अडवणं, क्लबहाउस बंद, असला त्रास भाडेकरूलाच होतो. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो) कोण भरणार तेही आत्ताच ठरवा, २००१ च्या सरकारी आदेशाने तो सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

वॉचमनला एकच प्रश्न: "त्या फ्लॅटवर कुणी माणसं विचारत येतात का?" वसुलीवाले आधी गेटवर येतात, मालकाचा नंबर मागतात, त्यांची बाइक आणि चेहरे वॉचमनला पाठ असतात.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा मेन दार नीट बघा. बँकेची ताबा नोटीस दारावर डकवतात, फोटो काढतात, आणि मालक ती दुसऱ्या दिवशी खरवडून काढतो. ए-फोर कागदाएवढा डिंकाचा चौकोन, कोपऱ्यांत राहिलेले कागदाचे तुकडे, किंवा जुन्या दारावर मधेच तेवढाच ताजा पॉलिश केलेला भाग दिसला तर सेक्रेटरीकडे परत जा.

आणि आधीच्या भाडेकरूचा नंबर मिळवा. मालकाकडून नाही मिळाला तर शेजारी देतील, इस्त्रीवाला देईल. त्याला विचारायचं ते इतकंच, डिपॉझिट किती होतं, किती परत मिळालं, आणि किती दिवसांनी. "रंगाचे कापले बारा हजार" हा त्रास आहे पण वेगळ्या प्रकारचा, त्यात मालकाकडे पैसे नाहीत असं नसतं. "पुढचा भाडेकरू आला की देतो म्हणतात" हे उत्तर आलं की समजा तो पुढचा भाडेकरू तुम्ही.

लाइट बिल, टॅक्स वगैरे पटकन

महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक असला की बिल ऑनलाइन दिसतं, थकबाकी बघा. मुंबईत अदानी, बेस्ट किंवा टाटा, तिथेही तसंच. प्रॉपर्टी टॅक्स महापालिकेच्या साइटवर मिळकत नंबरने दिसतो. पुण्यात थकलेल्या टॅक्सवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, त्यामुळे चार-पाच वर्षं थकलेला आकडा भयंकर दिसतो. पुण्यातले मालक भाडेकरू ठेवलाय हे टॅक्सवाल्यांना सांगत नाहीत, स्वतः राहण्याची ४० टक्के सवलत जाते म्हणून. तो त्यांचा आणि पालिकेचा विषय, त्यावरून मालक कफल्लक ठरत नाही.

कोर्ट आणि लिलाव

ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. आडनाव कॉमन असेल तर शंभर निकाल येतील, वडिलांचं नाव जुळतंय का बघा. चेक बाउन्सच्या केसेसमध्ये मालक फिर्यादी आहे की आरोपी याकडे लक्ष द्या, फिर्यादी म्हणजे त्याचेच पैसे कुणीतरी बुडवलेत. आरोपी म्हणून दोन-तीन चालू केसेस दिसल्या तर मोठी रक्कम देऊ नका. मोठ्या कर्जवसुलीची प्रकरणं डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जातात, महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (आधीचं औरंगाबाद) आहेत, त्यांच्याही साइटवर नावाने शोधता येतं.

सरकारी बँकांचे लिलाव बँकनेट (BAANKNET) या साइटवर दिसतात, शहर टाकून बिल्डिंगचं नाव शोधा. ताब्याची नोटीस बँकेला दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मुंबईत या बारीक अक्षरातल्या नोटिसांसाठी "नवशक्ती" प्रसिद्धच आहे, जुनी माणसं चष्मा पुसून ती पानं वाचतात ते उगाच नाही. नोटिशीत "सांकेतिक ताबा" लिहिलं असेल तर घर अजून मालकाकडेच असतं आणि तो ते बिनदिक्कत भाड्याने देतो, हीच फसायची जागा.

मालक कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर त्या कंपनीवर कुणाकुणाचा बोजा नोंदवलाय ते दिसतं. मालक परदेशात असेल तर दोन गोष्टी. एक, कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का आणि त्यात डिपॉझिट घ्यायचा अधिकार दिलाय का ते वाचा, भाडं त्याच्या एनआरओ खात्यातच (परदेशस्थ भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) टाका. दुसरी, अशा मालकाच्या भाड्यावर रक्कम कितीही कमी असली तरी टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा कर, तुम्हालाच कापावा लागतो, तो ३० टक्के आणि वर सेस, न कापल्यास आयकर खातं तुमच्या मागे लागतं. इथल्या मालकाला महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तर दोन टक्के, ऑक्टोबर २०२४ च्या आधी पाच होता. टीडीएस कापणार म्हटल्यावर जो मालक घासाघीस करून अर्धं भाडं कॅशमध्ये मागतो त्याच्याकडून डिपॉझिटचा पुरावा मिळायचीही आशा ठेवू नका.

काही सापडलं तर

प्रत्येक वेळी घर सोडायची गरज नसते. घर आवडलंय, शाळा जवळ आहे, मालक माणूस चांगला पण हात जरा तंग, असं असेल तर रक्कम कमी करा. चारऐवजी एक महिन्याचं डिपॉझिट, त्या बदल्यात भाडं हजार-दोन हजारांनी जास्त द्यायची तयारी दाखवा, अकरा महिन्यांत जे जास्त जातील ते मोजून बघा, बुडणाऱ्या लाखापेक्षा कमीच असतील. किंवा शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होईल असं करारातच लिहा. वर्षाचं भाडं एकदम दिलं तर सूट देतो म्हणणाऱ्याला मात्र नाहीच म्हणा.

करार नोंदणीकृतच हवा, नोटरी नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नोंदणी नसताना वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूच्या अटी खऱ्या धरतात. खर्चही काही नाही. २५,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांना स्टॅम्प ड्युटी साधारण सात-आठशे, शहरात नोंदणी फी एक हजार, वर एजंटचे. डिपॉझिट चेकने किंवा बँक ट्रान्सफरने द्या आणि तो व्यवहार क्रमांक करारात छापून घ्या.

ऑनलाइन करारात जादा अटींची जागा असते, तिथे हे टाका:

"सदर सदनिकेवरील कर्जाचे हप्ते आजपर्यंत नियमित भरलेले असून कोणत्याही बँकेची वा संस्थेची मागणी नोटीस, ताबा नोटीस किंवा जप्ती नाही. करारकाळात अशी नोटीस आल्यास मालक सात दिवसांत लेखी कळवतील. तसे झाल्यास भाडेकरूस लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू राहणार नाही व शिल्लक डिपॉझिट पुढील भाड्यात वळते करून घेण्याचा हक्क राहील."

मालकाने यावर खळखळ केली तर का करतोय ते विचारा, ज्याचे हप्ते नीट चालू आहेत त्याला या ओळीने काही फरक पडत नाही. हेवी डिपॉझिट असेल तर मुदत संपण्याच्या तारखेचा परतीचा चेकही घ्या आणि त्याचा नंबर करारात टाका. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची, पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार, या तारखा चुकवल्या तर चेकची केस हातची जाते.

राहायला गेल्यावर नोटीस आली तर

मालकाच्या नावाचं बँकेचं रजिस्टर पत्र आलं तर फोडू नका, पण पाकिटाचा फोटो तारखेसकट ठेवा आणि मालकाला लगेच विचारा. दारावर डकवलेली नोटीस असेल तर पूर्ण वाचून काढा, त्यात अधिकृत अधिकाऱ्याचं नाव आणि शाखा असते, करार घेऊन तिथे जा आणि मी इथे राहतो हे लेखी कळवून पोच घ्या. बँक तुम्हाला भाडं थेट तिच्याकडे भरायला सांगू शकते. तसं लेखी आलं तर मालकाच्या खात्यात टाकणं थांबवा, नाहीतर तेच भाडं दोनदा भरायची वेळ येईल. बँकेच्या कारवाईविरुद्ध डीआरटीत जायची मुदत ४५ दिवसांची, पण अकरा महिन्यांच्या लायसन्सवाल्याने त्यात पैसे घालण्याआधी वकिलाला सरळ विचारावं की हातात काय पडेल. डिपॉझिट बँक देत नाही आणि लिलावात घेणाराही देत नाही, ते मालकाकडूनच वसूल करायचं असतं, म्हणून करारातल्या वळतं करायच्या अटीवर बोट ठेवून भाडं त्यात धरायला सुरुवात करा आणि तसं मालकाला ईमेलवर कळवा, आणि बँकेचं भाड्याचं पत्र आलं असेल तर आधी बँकेलाही लेखी कळवा. दुसरं घर त्याच आठवड्यात बघायला लागा. प्रत्यक्ष ताबा घ्यायला तहसीलदार किंवा कोर्टाचा माणूस पोलीस घेऊन येतो, तेव्हा सामान हलवायला दिलेला वेळ फार थोडा असतो.